ठरलं की कळवा

"एकच, अदी. एक पक्की निघेल. बाकी ऊपरवाले के भरोसे," होतचंद म्हणाला आणि काउंटरवर उघडून ठेवलेल्या कॉम्प्युटरला वायरीनं लोंबणाऱ्या त्या काळ्या ड्राइव्हवर त्यानं टिचकी मारली. "बोला. पहले कौनसी?"

बकुळाच्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. गेली दोन वर्षं ती होतचंदच्या मागे लागली होती, की मोठ्या फ्लॉपीचा ड्राइव्ह कुठे मिळाला तर बघ. आता सगळीकडे लहान, कडक फ्लॉपी आली होती. पापडासारखी वाकणारी ती जुनी मोठी फ्लॉपी घालायला आख्ख्या उल्हासनगरात भोक उरलं नव्हतं. "अदी, तुमची फ्लॉपी आता म्युझियममध्ये ठेवा," असं तो दर वेळी हसून म्हणायचा. अदी म्हणजे सिंधीत बहीण. दुकानात येणारी प्रत्येक बाई त्याची अदीच असायची, तरी बकुळाला ते ऐकून बरं वाटे, कारण तिला कुठल्याच नात्यानं हाक मारणारं माणूस आता राहिलं नव्हतं. आज सकाळी त्यानं निरोप धाडला. आनंदनगरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारात एक ड्राइव्ह निघाला होता, चालत होता, किती वेळ चालेल ते सांगता येत नव्हतं. ती आली, तर होतचंदनं तिच्या फ्लॉप्या एकेक करून उजेडात धरल्या आणि ओठ मुडपले. मधल्या फटीतून दिसणाऱ्या तपकिरी तबकडीवर पांढरे ठिपके होते. बुरशी. "ही फिरली की वाचणाऱ्या टोकावर बसणार. पहिली वाचून होईल. मग टोक आंधळं. साफ करून बघेन, पण जबान नाही देत."

रिक्षात बसल्या बसल्या तिनं ठरवून टाकलं होतं, निळी. डब्यात तीन खेळ होते आणि त्यांच्या फ्लॉप्यांवर कंपनीतल्या महिपतीनं तीन रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. तिन्ही एकाच जातीचे, आपली सहा माणसं तयार करायची, त्यांना नावं द्यायची, आणि भुयारांत, जंगलांत, पडक्या देवळांत शिरून एकेक पाऊल वाट काढायची, असे. निळ्या पट्टीचा लहान, एकाच फ्लॉपीचा. त्यात नवी माणसं घ्यायची होती, आणि सहा-आठ महिन्यांत तो संपला असता. पिवळा दोन फ्लॉप्यांचा, मधला, समुद्रातल्या बेटांचा. तांबडाही दोन फ्लॉप्यांचा, पण लांबलचक. तो तिनं आणि महिपतीनं संपवलेल्या खेळाचा पुढला भाग होता, आणि त्यात आधीची माणसं तशीच्या तशी पुढे नेता येत होती. संपवलेला खेळ कंपनीच्या कॉम्प्युटरवरच राहिला होता. शिवाय एक पांढऱ्या पट्टीची फ्लॉपी होती. तिच्यात खेळ नव्हताच, फक्त ती सहा माणसं होती. एकटीनं खेळायचा तर निळाच बरा, असा हिशेब तिनं केला होता. आजच्या आज वाचून झाला, तर संध्याकाळी आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर लावता येईल. लग्नपत्रिका टाइप करून डोळे शिणतात, मग तासभर ते हिरव्या रेघांचं भुयार समोर असेल. आणखी काय पाहिजे? पण होतचंदनं विचारलं "पहले कौनसी", आणि तिचा हात डब्यातच राहिला. हाच प्रश्न तिला याआधी एकदा विचारून झाला होता. सात वर्षांपूर्वी, अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला असलेल्या त्यांच्या पंपाच्या कंपनीत, पहिल्या मजल्यावरच्या ड्रॉइंग ऑफिसात. तेव्हाही तिचा हात असाच अडला होता.

ती तिथे ट्रेसर होती. इंजिनिअर लोक पेन्सिलीनं ड्रॉइंग काढायचे. त्यावर तिनं ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि काळ्या शाईनं तेच्या ते उतरवायचं. आपल्या मनाची एक रेघ घालायची नाही. रेघ चुकली तर ब्लेडच्या टोकानं शाई खरवडायची, नखानं जागा घोटून गुळगुळीत करायची आणि पुन्हा ओढायची. म्हणून शाई लावायच्या आधी चार वेळा तपासायचं, ही तिची सवय, आणि तिच्या रेघेला ऑफिसात नाव होतं ते त्या सवयीमुळेच. प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात चौकट असायची. तिच्यात चार रकाने, कुणी काढलं, कुणी ट्रेस केलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. दुसऱ्या रकान्यात तिची आद्याक्षरं. सतरा वर्षं दुसऱ्या रकान्यात. खालच्या खोलीत प्रिंट काढायच्या यंत्राचा अमोनिया दिवसभर नाकात जायचा, आणि अजूनही कुठे गटारावर औषध मारलेलं असलं, की तिला आधी दुर्गंधी जाणवत नाही, उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्यांतून येणारा तो सपाट पांढरा उजेड दिसतो आणि मग महिपती.

महिपती एस्टिमेटचं काम बघायचा. बेलवलीचा, शेतकऱ्याच्या घरचा, उंच, जरा पोक काढून चालणारा. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी त्याची बायको बाळंतपणात गेली होती. ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. अठ्ठ्याऐंशी साली कंपनीत कॉम्प्युटर आला तो त्याच्या ताब्यात दिला गेला. मालकांचा पुतण्या अमेरिकेहून खेळांच्या फ्लॉप्या घेऊन आला होता. महिन्याभरात त्याला कंपनीचा कंटाळा आला आणि तो परत गेला. फ्लॉप्या राहिल्या. एक दिवस पाचची बस सुटायच्या वेळी महिपती तिच्या बोर्डापाशी येऊन उभा राहिला. "बकुळाबाई, एखादा ग्राफपेपर मिळेल? हरवलोय." तिला वाटलं, काहीतरी हरवलंय. कागद देताना तिनं त्याच्या हातातला आधीचा कागद पाहिला. त्यावर कोंबड्यानं पाय ओढावेत तशा रेघा होत्या. "हे काय आहे?" "भुयार." "ह्याला उत्तर दिशा तरी आहे का?" "भुयारात उत्तर कुठून आणू?" "मग हरवणारच की," असं म्हणून ती पेन्सिल घेऊन त्याच्यामागे कॉम्प्युटरच्या खोलीत गेली, आणि त्या दिवशी तिची बस चुकली ती पुढे तीन वर्षं चुकतच राहिली.

पाच ते सव्वासहा. एवढाच वेळ. सव्वासहाला वॉचमन मजल्याचे दिवे बंद करायला यायचा. महिपती कॉम्प्युटर चालू करायचा. कॉम्प्युटर आधी तारीख आणि वेळ विचारायचा. बाकीचे लोक नुसतं बटण दाबून पुढे जात, पण हा मनगटावरचं घड्याळ बघून मिनिटासकट भरायचा. "सुरुवातीलाच थाप मारली तर ते तरी आपल्याशी नीट का वागेल?" तो म्हणायचा. मग पडद्यावर हिरव्या रेघा उमटायच्या, पुढे जाणारा बोळ, उजवीकडे दार, शेवटी काळोख. तो एक पाऊल टाकायचा, ती एक चौकोन भरायची. खेळातली माहिती सगळी इंग्रजीत. ती पुस्तकांच्या झेरॉक्सवर डिक्शनरी घेऊन बसायची आणि त्याला अर्थ सांगायची. माणसांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली होती, "राजा, प्रधान, सेनापती असं काहीतरी द्या." तो हसला. "राजा अंधारात वाट काढील का? मी सांगतो तशी माणसं पाहिजेत." आणि त्यानं एका बोटानं टाइप केली, देऊ, भीमा, बारकू, जिजा, भिकी, नवसी. बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची ही माणसं, त्याच्या लहानपणी भाताच्या लावणीला त्यांच्या शेतावर यायची. देऊनं त्याला रानातली पायवाट ओळखायला शिकवली होती, नवसीनं कुठला कंद खायचा ते. "ह्यांच्यातलं कुणी कधी वाट चुकलेलं मी पाहिलं नाही," तो म्हणाला. तेव्हापासून ढाल-तलवार घेतलेली ती सहा माणसं हिरव्या रेघांतून चालू लागली, आणि जिजा तर मंत्र टाकायला लागली. "जिजाला कळलं तर मारील मला," महिपती म्हणायचा. "म्हणेल, मी चेटकीण व्हय रं मेल्या?"

"अदी, चहा सांगू? तोवर विचार करा," होतचंद म्हणाला. त्याला दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. तिनं मान हलवली. समोरच्या दुकानात जीन्सच्या पँटींचे ढीग पाठीवर घेऊन माणसं जात-येत होती, शिलाई मशीनांचा आवाज बरॅकीच्या भिंतीतून येत होता. तिनं डब्यातून निळी फ्लॉपी काढली, मांडीवर ठेवली. मग तांबड्या दोन. मग त्या परत आत ठेवल्या.

पाचव्या मजल्यावर, म्हणजे जमिनीखालच्या पाचव्या, ते तीन आठवडे अडकले होते. तिचा नकाशा जुळेनासा झाला होता. भिंत पाहिजे तिथे वाट आणि वाट पाहिजे तिथे भिंत. मग एक दिवस महिपती हळूच म्हणाला, "कागदावर कुठेतरी चूक झाली असेल, बकुळाबाई. होतं." तिचे कान तापले. "माझी रेघ चुकलेली नाही," ती म्हणाली. घरी गेल्यावर भाकरी करतानाही ती तेच म्हणत होती, आणि आईनं, मोतीबाईंनी, आतून विचारलं होतं, "कुणाशी भांडतेस गं?" दुसऱ्या दिवशी तिनं महिपतीला एकेक पाऊल टाकायला लावलं आणि दर पावलाला पाठमोरं वळायला लावलं. सतराव्या चौकोनात सापडलं. तिथली जमीन पाय पडताच माणसांना गपकन फिरवत होती, आणि पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, बोळासारखा बोळ. आपण सरळ चाललोय असं वाटायचं आणि आपलं तोंड भलतीकडे झालेलं असायचं. महिपती खुर्चीत मागे टेकला. "माफ करा," तो म्हणाला. "सगळं चुकलं असेल असं मला वाटलं, फक्त मी फिरलो असेन असं नाही वाटलं." त्या दिवशी तिनं नकाशाला खरी, काळ्या शाईची चौकट काढली, ड्रॉइंगला काढतात तशी. काढले, म.; ट्रेस केले, ब.; तपासले, ब. आणि म. चौथा रकाना तिनं मोकळा ठेवला. "मंजूर कोण करणार?" त्यानं विचारलं. "बघू. खाली कुणी राक्षस भेटला तर घेऊ सही," ती म्हणाली, आणि दोघं इतकी हसली की वॉचमन पाच मिनिटं आधीच वर आला. पुढे अकरा मजल्यांचे अकरा नकाशे झाले. सगळ्यांचा चौथा रकाना मोकळाच राहिला.

आणि सातव्या मजल्यावर भिकी मेली. तो खेळ कडक होता. कुणी मेलं की तो ते त्या क्षणी पांढऱ्या फ्लॉपीवर लिहून टाकायचा. ड्राइव्हचा तांबडा दिवा लागायच्या आत फ्लॉपी उपसून काढली तर ते लिहिलं जात नाही, ही युक्ती पुस्तकाच्या समासात पुतण्यानं लिहून ठेवली होती आणि बकुळानंच ती वाचून दाखवली होती. तिनं हात पुढे केलाही. महिपती हलला नाही. दिवा लागला, घर्र झालं, विझला. "काढली का नाहीत?" तिनं विचारलं. तो पडद्याकडे बघत होता. "तिला उचलून वर नेऊ," तो म्हणाला. वर, गावात, देऊळ होतं, तिथे मेलेल्याला उठवता येत असे, कधी उठे, कधी नाही. सात मजले मढं वागवत उरलेली पाचजणं चढायला लागली. चार आठवडे लागले. सोमवार, मंगळवार, पाच ते सव्वासहा, मधल्या शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्ट्या. दर सुट्टीला तिला घरात बसवेना, कारण भिकी अजून खालीच होती. तिसऱ्या आठवड्यात, एक दार उघडता उघडता, महिपती म्हणाला, "तेव्हा बैलगाडीनं निघालो होतो आम्ही. नदीला पाणी होतं. मी सारखा मागे वळून तिला सांगत होतो, आलंच, आलंच." एवढंच. मग त्यानं दार उघडलं. बकुळानं चौकोन भरला. पण तिची रेघ त्या जागी किंचित जाड झाली, आणि ती तिनं खरवडली नाही. देवळात भिकी उठली. पडद्यावर फक्त एक ओळ आली. महिपतीनं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, आणि बकुळा खिडकीशी जाऊन उगाच उभी राहिली.

एक्याण्णवच्या जानेवारीत, बारा तारखेला, तो खेळ संपला. शेवटच्या राक्षसाकडून सही घ्यायची राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी महिपतीनं तीन रंगांच्या फ्लॉप्या तिच्या बोर्डावर पत्त्यांसारख्या मांडल्या. "आता पुढला कुठला खेळायचा, ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "घाई नाही. निळा लवकर संपेल. पिवळा वर्षभर. हा तांबडा..." तो थांबला आणि तांबड्या फ्लॉपीची कड त्यानं बोर्डाच्या कडेशी समांतर केली. "हा दोन-तीन वर्षंसुद्धा पुरेल. आपली माणसं त्यात तशीच येतात. पुढे." तिला काय ऐकू आलं ते तिलाच माहीत. ती म्हणाली, "तिन्हींची पुस्तकं वाचून सांगते." आणि ती खरोखर वाचायला बसली. शाई लावायच्या आधी चार वेळा तपासायचं. तिनं मोठ्या कागदावर तक्ता आखला. एका बाजूला तीन खेळ, दुसऱ्या बाजूला सतरा मुद्दे, भुयारं किती, गावं किती, नकाशाला सोपं कुठलं, माणसं मेली तर उठतात का. फेब्रुवारीत त्यानं विचारलं, "ठरलं का?" "पिवळ्याचं पुस्तक राहिलंय," ती म्हणाली. मार्चमध्ये त्यानं पुन्हा विचारलं, आणि त्याच बोलण्यात सांगितलं, की पिंपरीच्या एका कंपनीनं बोलावलंय, बघू, इथे राहण्यासारखं काही असेल तर कशाला जाऊ. "तांबड्याचा शेवट नीट कळत नाही," ती म्हणाली. देवाशपथ, ती तेच म्हणाली.

घरी मोतीबाईंना सगळं कळत होतं. तीन वर्षं बकुळा त्यांना ओव्हरटाइम सांगत होती. "तुमच्या कंपनीत पंप कमी आणि ओव्हरटाइमच जास्त बनतो वाटतं," त्या म्हणायच्या. गुडघ्यांनी त्यांना जागेवर बसवलं होतं, पण जीभ चालती होती. तो तक्ता त्यांनी एकदा उशाखालून ओढून काढला. "हे काय गं बकू?" "ऑफिसचं." "ऑफिसात राक्षस असतात हे खरं, पण त्यांचे तक्ते करतात हे नव्हतं माहीत. विचारलं का त्यानं?" "काय?" "जे विचारतात ते." बकुळानं पदरानं कपाळ पुसलं. "त्यानं विचारलं, पुढला खेळ कुठला." म्हातारी खोकेपर्यंत हसली. "मग सांग की. एवढं काय त्यात!" "आणि तुझं कोण बघणार?" "मी काय तुझ्या कंपनीतला पंप आहे, माझं ड्रॉइंग काढत बसायला?" असं म्हणून मोतीबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बकुळानं तक्ता परत घडी करून ठेवला. आईच्या गुडघ्यांचं कारण तिला त्या दिवशी सोपं मिळालं आणि पुढे बरीच वर्षं ते तिला पुरलं. आई शहाण्णव साली गेली, आणि मग ते कारणही राहिलं नाही.

तीस एप्रिलला महिपतीचा शेवटचा दिवस होता. चार वाजता सगळ्यांनी मिळून चहा आणि सामोसे. कुणीतरी भाषण केलं. बकुळा पाचला तीन वर्षांत पहिल्यांदा कंपनीच्या बसमध्ये चढली, मधल्या बाकावर दोघींच्या मध्ये बसली आणि तिनं वर खिडकीकडे पाहिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं असतं तर बसमध्ये दिसलं असतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक मेची सुट्टी. दोन तारखेला ती ऑफिसात आली तर तिच्या बोर्डावर हा बिस्किटांचा डबा होता, आत सगळ्या फ्लॉप्या आणि एक चिठ्ठी. "तांबड्याची नक्कल मी करून घेतली आहे. माणसांची केली नाही, एका माणसाच्या दोन नकला कशा करायच्या? ती तुमच्याकडे. त्यांच्याशिवाय माझा खेळ सुरू व्हायचा नाही. ठरलं की कळवा. मी कुठेही असलो तरी बेलवलीच्या पत्त्यावर पत्र पोचतं, वहिनी पुढे धाडते."

बेलवली काही सातासमुद्रापार नव्हती. अंबरनाथ सोडलं की बदलापूर, तिथलंच ते गाव. तरी पत्र गेलं नाही. आधी तक्ता पुरा व्हायचा होता. मग उशीर झाला, आणि उशिरा लिहिलेल्या पत्रात आधी उशिराचं कारण लिहावं लागतं. महिन्याच्या उशिराला चार ओळी पुरल्या असत्या, वर्षाला दोन पानं लागली असती. सात वर्षांचं कारण लिहायला कुठून कागद आणायचा? मधल्या काळात कंपनीत कॉम्प्युटरच ड्रॉइंग काढायला लागला आणि चौऱ्याण्णव साली ट्रेसर घरी गेले. तिनं आपला बोर्ड मागून घेतला. आता त्याच्यावरच तिचा कॉम्प्युटर असतो आणि ती बरॅकीतल्या पोरींच्या लग्नपत्रिका त्यावर टाइप करते. कधी कुणाची तारीख चुकलेली नाही.

"चहा थंड झाला, अदी," होतचंद म्हणाला. गिऱ्हाईक गेलं होतं. तो तिच्या समोर हात पसरून उभा होता. "द्या. कौनसी? ती निळी ना, मांडीवरची?"

निळी मांडीवरच होती. ती उचलून द्यायची, एवढंच काम. एकटीचा खेळ. नवी सहा माणसं, त्यांना नवी नावं. तिनं मनात नावं शोधली आणि तिला एकही सुचेना. जे नाव मनात येई ते पाड्यावरून खाली उतरून येई, डोक्यावर पावसाचं इरलं घेऊन. आणि तिला एकदम दिसलं की पांढरी इथे, ह्या डब्यात, बुरशीखाली आहे, सहाजणं सात वर्षं उभी आहेत, भिकी चार आठवड्यांच्या चढणीनंतर उठलेली, आणि आज निळी वाचली तर ती सगळी परत मरतील. ह्या खेपेला वर नेणारं कुणी नाही. पण पांढरी घेतली तर हातात खेळ नाही. माणसं तेवढी राहतील, आणि खेळ बेलवलीला, किंवा पिंपरीला, किंवा कुठेच नाही. पांढरी घेतली तर पत्र लिहावंच लागेल. समोर सरळ बोळ दिसत होता, आणि आपलं तोंड किती वर्षं भलतीकडे होतं ते तिला आत्ता, स्टुलावर, कळत होतं.

"ही," ती म्हणाली.

होतचंदनं पांढऱ्या पट्टीची फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. "अदी, हिच्यात गेम नाही. वर लिहिलंय ना, नुसती नावं. नुसत्या नावांचं काय करणार?"

"माणसं आहेत ती."

"गेम के बिना?"

"आधी माणसं घे रे बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला.

होतचंदनं खांदे उडवले. त्यानं फ्लॉपी आत सरकवली, वरचा खटका दाबला. तांबडा दिवा लागला. ड्राइव्ह आधी खोकला, मग सुपात तांदूळ घोळावेत तसा घर्र घर्र आवाज करत राहिला. बकुळानं स्टुलाची कड धरली होती. मिनिट गेलं. दिवा विझला. "आली," होतचंद म्हणाला. "पूरी आली, अदी. नसीबवाली हो." मग त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं टोक पुसून निळी घातली. ड्राइव्हनं पाटीवर खिळा ओढल्यासारखी किंकाळी मारली. त्यानं घाईनं ती काढली. तबकडीवर गोल ओरखडा पडला होता. तांबडी घातली, तर तिनं आवाजही केला नाही. "गेला," तो म्हणाला आणि वायर काढली. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिनं वाट पाहिली, पण वाटलं नाही.

"बघायचंय काय आलंय ते?" त्यानं लहान फ्लॉपीवर उतरवलेली ती एकुलती फाइल पडद्यावर उघडली. खेळाशिवाय ती उघडली तर नुसता कचरा दिसतो, हे तिला माहीत होतं. हसरे चेहरे, चौकोन, तुटके कंस. त्या कचऱ्यातून ओळीनं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, देऊ, भीमा, बारकू, जिजा, भिकी, नवसी. सहाही. होतचंदनं फाइल बंद केली आणि यादी आली. एकच ओळ. फाइलचं नाव, आकार, शेवटी तारीख आणि वेळ.

"हे काय रे? ही तारीख कसली?"

"शेवटी कुणी हात लावला त्याची. तीस एप्रिल एक्याण्णव. शाम को पाच बावन्न."

खेळ तर जानेवारीतच संपला होता. तिनं दोन बोटं पडद्यावर त्या आकड्यांवर टेकवली. काच कोमट होती. पाच बावन्न. तेव्हा बस कधीच स्टेशनशी पोचली असेल, आणि ती उतरून मान खाली घालून घराकडे चालली असेल. वर, रिकाम्या मजल्यावर, त्यानं मनगटावरचं घड्याळ बघून मिनिटासकट वेळ भरली, खरी वेळ, आणि सहाही जणांना उठवलं, आणि त्यांना घेऊन कुठेतरी गेला. पाच ते पाच बावन्न. कुठे गेला? गावात आणून धर्मशाळेत निजवलं? लांबच्या प्रवासाची शिदोरी बांधून दिली? की त्या सतराव्या चौकोनात नेऊन उभं केलं? कचऱ्यातून ते वाचता येत नव्हतं. ते कळायला तांबडा खेळ लागला असता आणि त्यात ही माणसं घालावी लागली असती. माणसं तिच्याकडे होती.

ती चालतच घरी आली. वाटेत पोस्टातून एक कार्ड घेतलं आणि तिथेच त्यावर बेलवलीचा पत्ता घातला. दुपारचे तीन वाजत होते, कॅम्पातल्या पेटीतली पत्रं चारला काढतात. तिनं कीबोर्ड बाजूला सारला आणि कार्ड बोर्डावर चिकटपट्टीनं चार कोपऱ्यांना बसवलं. सवयीनं हात पेन्सिलीकडे गेला. आधी फिकट लिहायचं, तपासायचं, मग शाई. पेन्सिल तिनं खणात टाकली आणि खण लावून घेतला. शाईचं पेन दोनदा झटकावं लागलं, तिसऱ्यांदा उतरलं.

"महिपतराव, ठरलं. तांबडा. माणसं माझ्यापाशी सुखरूप आहेत, सहाही. तीस एप्रिलला त्यांना कुठे नेऊन ठेवलंत ते कळवा, म्हणजे नकाशा तिथून सुरू करते."

आणखी काही लिहायला जागा होती. उशिराचं कारण तिथे मावलं असतं, निदान सुरुवात तरी. तिनं त्या जागी, खाली उजव्या कोपऱ्यात, चौकट आखली. चार रकाने. काढले, म. ट्रेस केले, ब. तपासले, दोघांनी. चौथ्या, मंजुरीच्या रकान्यावर तिचं पेन क्षणभर थबकलं. मग तिनं त्यात सही केली, आद्याक्षर नाही, पूर्ण नाव, रकान्याच्या रेघेबाहेर जाईल एवढं.

चार वाजायला वीस मिनिटं होती. शाई अजून ओली होती, वाळू द्यायला हवी होती. तिनं चिकटपट्टी सोडवली, कार्ड दोन्ही कडांनी तळहातांत धरलं, पायानंच दार ओढून घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा ओली शाई घेऊन ती रस्त्यावर आली.